अल्टरनेट गॉथिक : एका अरुंद टाइपचा इतिहास आणि माझी एक चूक

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. नाचाच्या एका कार्यक्रमाचं जुनं अमेरिकन हँडबिल मला स्कॅन स्वरूपात मिळालं. त्यावर वार आणि तारीख होती, पण साल नव्हतं. मथळा मात्र उंच, अरुंद, ठळक अक्षरांत. मी टाइप ओळखला : अल्टरनेट गॉथिक. तो १९०३चा. लगेच सेमिनार पेपरमध्ये लिहून टाकलं, ‘अंदाजे १९०५ ते १९१०’.

गाईड मॅडमनी पेपर वाचला आणि एवढंच विचारलं, “खालचा पत्ता वाचलास का?”

पत्त्यात न्यूयॉर्कच्या पुढे १९ हा आकडा होता. आपल्याकडे जुन्या पुस्तकांवर ‘पुणे ३०’ असं छापलेलं असतं ना, तसाच. अमेरिकेत टपाल विभागांचे हे आकडे १९४३ साली सुरू झाले. म्हणजे माझा अंदाज निदान ३३ वर्षांनी चुकला होता. पेपर मागे घ्यावा लागला.

मी नेमकी कुठे चुकले हे कळायला हा टाइप मुळात कशासाठी तयार झाला, ते बघावं लागतं.

जागेचा प्रश्न

शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत अक्षर दाबून अरुंद करता येत नाही. आज आपण माऊसने अक्षर ओढतो, चेपतो. तेव्हा प्रत्येक खिळ्याची रुंदी ओतताना ठरायची, ती कायमची. वर्तमानपत्राचा रकाना ठरलेला, हँडबिलाचा कागद ठरलेला. मथळा रकान्यात मावला नाही तर कंपोझिटरपुढे तीनच वाटा : शब्द कमी करा, टाइप लहान करा, नाहीतर तितक्याच उंचीचा पण अरुंद टाइप घ्या. तिसऱ्या वाटेसाठी एकोणिसाव्या शतकात अरुंद टाइप भरपूर निघाले, लाकडी आणि धातूचे दोन्ही. पण प्रत्येकाची घडण वेगळी, त्यामुळे शेजारी लावले की जुळायचे नाहीत.

अमेरिकन टाइप फाउंडर्स ही कंपनी १८९२ साली अनेक फाउंड्र्या एकत्र येऊन बनली होती. तिथे मॉरिस फुलर बेंटन यांनी १९०३ मध्ये अल्टरनेट गॉथिक आखला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी फ्रँकलिन गॉथिक आखला होता. अल्टरनेट गॉथिकमधली कल्पना साधी होती. एकच अक्षर, पण तीन रुंदींत. नंबर १ सगळ्यात अरुंद, नंबर ३ सगळ्यात रुंद. एक मावला नाही तर दुसरा घ्या, मथळ्याचा चेहरा तोच राहील. नावातलं ‘अल्टरनेट’ म्हणजे हा पर्याय.

आकारातही तोच हिशेब दिसतो. ओ, सी, जी या गोल अक्षरांच्या बाजू जवळजवळ सरळ उभ्या आहेत. गोलाई फक्त वर आणि खाली. रेषांची जाडी बरीचशी सारखी, आतली पोकळी उभ्या पट्टीसारखी. यात नखरा काही नाही, कमी जागेत लांबून दिसणारी अक्षरं बसवायची एवढंच काम.

मग तो ‘रेट्रो’ कधी झाला?

१९०३ साली हा रोजच्या कामाचा टाइप होता. पुढे मोनोटाइपनेही त्याच्या आवृत्त्या काढल्या, म्हणजे मागणी टिकून होती. जुनेपणाचा वास त्याला लागला तो नंतर, छपाई बदलल्यावर. २००९ मध्ये ‘लीग ऑफ मूव्हेबल टाइप’ने लीग गॉथिक या नावाने त्याचं मोफत डिजिटल रूप आणलं. २०११ च्या सुमारास व्हर्नन अॅडम्स यांचा ऑस्वल्ड आला, तोही याच घराण्यातला. पोस्टर, कॉफीच्या पिशव्या, वेबसाइटचे मथळे, सगळीकडे ही अक्षरं ‘जुन्या काळचा फील’ म्हणून दिसायला लागली.

पण गंमत बघा. २००५ साली सुरू झालेल्या यूट्यूबच्या लोगोत अल्टरनेट गॉथिक नंबर २ होता, आणि तो २०१७ पर्यंत चालला. त्या लोगोला कोणी रेट्रो म्हटल्याचं आठवतं का? म्हणजे रेट्रोपण अक्षरात नसतं. ते कुठे छापलंय, कोण बघतंय, यावर ठरतं. मी हँडबिल बघताना नेमकी ही गल्लत केली. मला ते ‘जुनं वाटलं’, आणि त्या वाटण्याला मी पुरावा समजले.

तुमच्या कामासाठी

माझ्या चुका तीन होत्या. पहिली, टाइपचं साल म्हणजे छपाईचं साल नव्हे. १९०३ वरून इतकंच कळतं की छपाई त्याआधीची नाही. खिळे केसमध्ये वर्षानुवर्षं पडून असायचे, आणि छोटे प्रेसवाले ते झिजेपर्यंत वापरायचे.

दुसरी, मी तुलना लीग गॉथिकशी केली होती. डिजिटल फॉण्टमध्ये बहुधा एकच आराखडा लहानमोठा होतो. धातूत प्रत्येक आकाराचे खिळे वेगळे, आणि त्यांची घडणही आकारानुसार थोडी बदलायची. तुलना करायची तर फाउंड्रीच्या नमुनापुस्तकाशी करा. अमेरिकन टाइप फाउंडर्सची १९१२ आणि १९२३ ची नमुनापुस्तकं प्रसिद्ध आहेत.

तिसरी, ‘हाच तो टाइप’ असं मी खात्रीने लिहिलं. अरुंद गॉथिक अनेक फाउंड्र्या विकत होत्या. पुसट स्कॅनवरून ‘अल्टरनेट गॉथिकसारखा अरुंद गॉथिक’ एवढंच म्हणता आलं असतं.

आता माझी सवय बदलली आहे. साल नसलेला कागद हातात आला की आधी पत्ता, फोन नंबर, तिकिटाचा दर आणि प्रेसचं नाव वहीत उतरवते. टाइपकडे सगळ्यात शेवटी बघते, मोह खूप होतो तरी.