रंगाचे थर : तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आणि पुन्हा रंगवण्याचा इतिहास

१/
श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा फुटतो आणि दुसऱ्या दिवशी मोर्शी, वरूड, अचलपूर, अमरावती अशा वऱ्हाडातील गावांत लहान मुले चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत घराबाहेर पडतात. हा तान्हा पोळा. ओढणारे मूल पाच वर्षांचे असते, पण बैल अनेकदा त्याच्या वडिलांचा, क्वचित आजोबांचा असतो. माळ्यावरून तो खाली येतो, धूळ झटकली जाते आणि त्याला नवा रंग मिळतो. प्रश्न इतकाच, की जुन्या वस्तूवर दिलेला नवा रंग इतिहास पुसतो की जपतो? या धाग्यात त्याचाच शोध घेऊ.

२/
आधी मोठा पोळा समजून घ्यायला हवा. अमावास्येच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद व तूप किंवा लोणी चोळतात. दुसऱ्या दिवशी आंघोळ, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा, कपाळी बाशिंग. दारोदारी पळसाच्या डहाळ्यांचे मेढे लागतात, तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि झडत्या रंगतात. या साजातील एक तपशील पुढील विवेचनासाठी कळीचा आहे. बैलाची शिंगे दरवर्षी घासून नव्याने रंगवली जातात. गेल्या वर्षीचा रंग तोवर उन्हापावसात, चिखलात उडून गेलेला असतो. पुन्हा रंगवणे हे येथे दुरुस्तीचे काम नसून सणाचेच एक अंग आहे.

३/
तान्हा पोळा ही त्याच विधीची लहान आवृत्ती होय. लाकडी बैलाला ओवाळतात, त्याच्यापुढे नैवेद्य ठेवतात, तोरण बांधून मुलांचे बैल रांगेत लावतात. नंतर मुले घरोघरी जातात आणि त्यांना खाऊ किंवा पैसे मिळतात. याला ‘बोजारा’ म्हणतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव तर माणसाहून उंच लाकडी नंदींसाठी प्रसिद्ध आहे. तळहातावर मावणाऱ्या बैलापासून अनेकांनी मिळून ओढायच्या बैलापर्यंत घाट एकच : चौकट, चार चाके आणि वर उभा नंदी.

४/
या सणाचा प्रारंभ नागपूरकर भोसल्यांच्या परंपरेत दुसऱ्या रघुजींकडे दिला जातो आणि वर्ष सांगितले जाते १८०६. लहान मुलांना बैलाचे मोल कळावे, हा त्यामागील हेतू मानला जातो. रघुजी दुसरे १७८८ ते १८१६ या काळात नागपूरच्या गादीवर होते, म्हणजे कालक्रम जुळतो. परंतु परंपरेने सांगितलेले वर्ष आणि समकालीन कागद यांचे वजन वेगवेगळे असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी त्या वर्षाच्या आसपास काय घडत होते, हे पाहावे.

५/
१८०६ च्या तीनच वर्षे आधी रघुजींवर मोठा आघात झाला होता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत (आजचा अकोला जिल्हा) आर्थर वेलस्लीच्या सैन्याने त्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील बहुतांश मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. मोर्शी त्याच पश्चिमेकडील बाजूला आहे. म्हणजे परंपरेतील १८०६ हे वर्ष ग्राह्य धरले, तर हा सण नागपुरात सुरू झाला तेव्हा वर्धा नदी ही दोन सत्तांमधील सीमारेषा होऊ लागली होती.

६/
पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, परंतु त्याचा कारभार नागपूरहून वेगळा राहिला. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. तब्बल शंभर वर्षे राजकीयदृष्ट्या वेगळ्या असलेल्या या दोन प्रदेशांत आज सण मात्र एकच आहे. यावरून एक अनुमान काढता येते. राजाज्ञेने सुरू झालेली गोष्टही राजाज्ञेने पसरत नाही. तिला लेकीबाळींचे सासर-माहेर, गुरांचे बाजार, जत्रा आणि सुतारांची हत्यारे नदीपलीकडे नेतात. तहनाम्यात नदी सीमा ठरते. सणाला ती केवळ उतार असते.

७/
चाकांवरच्या प्राण्याची कल्पना मात्र भोसल्यांहून फार जुनी आहे. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर भाजक्या मातीच्या खेळण्यांतील गाड्या आणि बैल सापडतात. महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण प्रवरेकाठच्या दायमाबादचे. १९७४ मध्ये तेथे झाडाची मुळे खोदताना एका शेतकऱ्याला चार धातुशिल्पे मिळाली : बैलजोडीचा रथ व त्यावरील पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. प्राणी चाके बसवण्याच्या चौकटींवर उभे आहेत आणि चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक आहे. बहुतेक अभ्यासक ती उत्तर हडप्पा काळातील मानतात. एवढी जड वस्तू मुलाचे खेळणे असणे कठीण. ती मिरवणुकीत ओढली जात असावी, हे मत म्हणूनच पटते.

८/
दुसरे उदाहरण इनामगावचे (शिरूर तालुका, पुणे जिल्हा). डेक्कन कॉलेजच्या उत्खननात एका ताम्रपाषाणयुगीन घराच्या जमिनीखाली मातीची पेटी मिळाली. आत मातीची एक स्त्रीमूर्ती होती आणि पेटीवर दुसरी, मस्तकविहीन स्त्रीमूर्ती व मातीचा बैल होता. ही मूर्ती काडीच्या आधाराने बैलावर बसवता येत होती. हातात मावणारा बैल, त्याच्यासोबत मातीचे लहानसे घर. वरवर पाहता खेळच. परंतु घराच्या जमिनीखाली जपून पुरलेली वस्तू खेळणे राहत नाही. खेळणे आणि देव यांतील रेषा वस्तूच्या आकारावरून ठरत नाही, ती वापरावरून ठरते. तान्ह्या पोळ्याचा बैल सकाळी देव असतो, दुपारी खेळणे असतो आणि संध्याकाळी पुन्हा माळ्यावर जातो.

९/
हा बैल घडवतो कोण? गावगाड्यातील सुतार, म्हणजेच वऱ्हाडी बोलीतील वाढई. नांगर, वखर, तिफण आणि गाडी घडवणारा हाच कारागीर. ऐपत असेल तर सागवान, नसेल तर हाताशी येईल ते आडजात लाकूड. येथे एक सामाजिक बाजू लक्षात घेतली पाहिजे. मोठ्या पोळ्यात तोरणाखाली उभे राहायला बैलजोडी लागते, आणि भूमिहीन मजुराकडे ती नसते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकाचे नावच एका मातीच्या गाडीवरून आले आहे. चारुदत्ताच्या मुलाला शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी हवी असते, हाती मात्र मातीची येते. खेळणे मुलाला घरची ऐपत शिकवते, हे त्या नाटककाराने केव्हाच ओळखले होते. तान्ह्या पोळ्यातही मोठ्या नंदीची आणि छोट्या नंदीची रांग लागतेच. तरी लाकडाचा लहान बैल ही वस्तू अशी आहे, की ज्याच्या घरी गोठाच नाही त्याचे मूलही ती घेऊन तोरणाखाली उभे राहू शकते.

१०/
आता रंग. पूर्वीच्या कारागिराच्या हाताशी चुन्याचा पांढरा, गेरूचा तांबडा, काजळीचा काळा हे सहज मिळणारे रंग होते. ते डिंकात किंवा चिंचोक्याच्या खळीत कालवत. खळीचा रंग पाण्याने सुटतो, म्हणून दरवर्षी नवा हात देणे भागच असे. पुढे डब्यातील ऑइलपेंट आला. तो चकाकतो, टिकतो आणि जुन्या थरावरच बसतो. लाकडी बैलाचे अंग बहुधा पांढरे असते. वर्धा-नागपूर पट्ट्यातील आणि अमरावतीच्या काही भागांतील गवळाऊ जातीचा बैलही पांढऱ्या अंगाचा असतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

११/
यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. जुन्या लाकडी बैलाच्या शिंगाचा टवका उडाला, तर निळ्याखाली तांबडा, त्याखाली पिवळा, त्याखाली पांढरा असे थर दिसतात. पुरातत्त्वज्ञ पांढरीच्या टेकाडात मातीचे थर वाचतो, तसेच हे रंगाचे थर वाचता येतात. संग्रहालयातील संवर्धक जुन्या भिंती व मूर्तींवरील रंगाचा कणभर छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कोणता रंग कोणत्या आधी आला, मध्ये धुळीचा थर आहे का, हे त्यातून कळते. जाड धूळ म्हणजे न रंगवलेला काळ. घरात लहान मूल नव्हते, किंवा सुतक होते, किंवा पीक बुडाले होते. कारण थर सांगत नाही. खंड मात्र सांगतो.

१२/
प्राण्यांची चिमुकली जगे जगभर आहेत. जर्मनीतील अर्झगेबिर्ग डोंगररांगेत खाणी ओसरू लागल्यावर खाणकामगारांनी लाकडी खेळणी घडवायला घेतली. सायफेन गावात लाकडाचे कडे असे कातत, की त्याच्या फाकी केल्या की प्रत्येक फाकीतून एक प्राणी निघे. हे प्राणी ‘नोहाच्या नौके’त भरून विकले जात. नौका म्हणजे तरंगता गोठाच. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये खेळण्यांतील शिपायांना मागणी घटली, तेव्हा ब्रिटन्स या कंपनीने शिशाच्या गाई, मेंढ्या आणि शेतघर बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर शिशाची जागा प्लास्टिकने घेतली. १९६८ मध्ये अमेरिकेतील फिशर-प्राइसने असा गोठा काढला, की त्याचे दार उघडताच गाय हंबरे.

१३/
आज कुणाच्या घरात असा जुना, दुसऱ्याच्या हातून आलेला प्लास्टिकचा गोठा असेल आणि तो तान्ह्या पोळ्याच्या बैलाशेजारी मांडण्यासाठी रंगवायचा असेल, तर पदार्थांतील फरक समजून घ्यावा. लाकूड रंग शोषते, प्लास्टिक शोषत नाही. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, बारीक पॉलिशपेपरने पृष्ठभाग खरखरीत करावा, प्लास्टिकसाठीचा प्रायमर द्यावा आणि मग अॅक्रिलिकचे पातळ हात द्यावेत. कडक प्लास्टिकवर रंग बरा धरतो. मेणचट पॉलिथिनवरून त्याचे पापुद्रे निघतात आणि मऊ रबरासारख्या पीव्हीसीवर तो चिकट राहू शकतो. लाकडी बैल पिढ्यान्‌पिढ्या थर साठवतो. प्लास्टिक रंगाला सहज सोडून देते. म्हणून त्याच्या अंगावर इतिहास कमी टिकतो.

१४/
जुने म्हणजे निर्धोक, हा समज मात्र सोडला पाहिजे. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे संयुग, हिंगूळ पाऱ्याचे आणि हरताळ आर्सेनिकचे. जुन्या ऑइलपेंटमध्येही, विशेषतः पिवळ्या व तांबड्या छटांत, शिसे असे. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग इतकी ठरवली आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्तेचे बंधन लागू झाले. आधीच्या थरांना हे नियम लागू नव्हते. तेव्हा जुना बैल कोरडा घासू नये, त्याची धूळ श्वासात जाते. निघणारे पापुद्रे ओल्या फडक्याने टिपावेत आणि ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

१५/
मग मूळ प्रश्न. रंगवावे की नाही? संग्रहालयाचा नियम सांगतो, मूळ थराला हात लावू नका. तो नियम काचेच्या पेटीतील वस्तूसाठी योग्य आहे, कारण तिचे वापरातील आयुष्य संपलेले असते. तान्ह्या पोळ्याचा बैल अजून चालतो आहे. त्याला न रंगवता ठेवले, तर एक थर वाचेल, पण थर देण्याची रीत संपेल. आणि ज्या शिंगांचे तो अनुकरण करतो, ती खरी शिंगेही दरवर्षी नव्यानेच रंगत आली आहेत. म्हणून रंगवावे. मात्र रंगवण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्र काढावे, पोटाखालचा एक बोटभर भाग तसाच सोडावा आणि बैल कुणी घडवला, कुणाकडून आला, कोणत्या वर्षी कोणता रंग दिला हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरवावे. लाकडाला हे थर आठवतात. नावे मात्र माणसांनाच आठवावी लागतात.

१६/
या नोंदींची निकड आजच आहे. शेतात ट्रॅक्टर आला, तसे अनेक गोठे रिकामे झाले. संत्र्याच्या बागांच्या या पट्ट्यातही बैलजोडी नसलेल्या शेतकऱ्यांची घरे आता नवलाची राहिलेली नाहीत. ज्या घरातून खरा बैल गेला, त्या घरात कधीकाळी तो होता याची उरलेली खूण म्हणजे माळ्यावरचा हा लाकडी नंदी. त्याच्या पांढऱ्या अंगात त्या घरच्या बैलाची आठवण असू शकते. पोटाखालचा तो न रंगवलेला बोटभर तुकडा पुढच्या पिढीतील एखाद्या अभ्यासकाच्या हाती लागेल, तेव्हा त्याला वाचायला काहीतरी उरलेले असावे.