वायुनोंदींवरून तेल-वायुस्तरांची ओळख

तेलविहिरीचे वेधन चालू असताना विहिरीत पंपाने फिरवल्या जाणाऱ्या चिखलाबरोबर वर येणारा वायू, खडकाचा चुरा आणि वेधनाचा वेग यांच्या नोंदी एकत्र वाचून हायड्रोकार्बनधारी स्तर ओळखण्याची पद्धत. व्यापारी स्वरूपात ती १९३९ पासून वापरात आहे. आलेखात वायूचे शिखर उमटले म्हणजे स्तर लागला, असे मात्र म्हणता येत नाही. बिट (खडक फोडणारे टोक) वेगाने खाली सरकले की मिनिटागणिक अधिक खडक फुटतो आणि साधा शेलही जास्त वायू सोडतो. नवा पाइप जोडण्यासाठी पंप थांबवला की तळावरचा दाब उतरतो, त्या वेळी आत झिरपलेला वायूही काही वेळाने शिखर होऊन दिसतो. शिवाय वायूला वर यायला वेळ लागतो. चिखल वर पोचायला ३० मिनिटे लागत असतील आणि वेधन ताशी १० मीटर असेल, तर बिट २,००५ मीटरवर असताना दिसलेला वायू २,००० मीटरवरचा असतो. ही दुरुस्ती केल्याशिवाय वेग आणि वायू यांची तुलना निरर्थक ठरते.

तुलना जुळली तरी निष्कर्षाची घाई नको. खंभात खोऱ्यात तेलधारी वालुकाश्मांच्या जोडीने कोळशाचे थर आहेत. कोळशातही वेधनाचा वेग वाढतो आणि वायू उसळतो. भेद कळतो तो चाळणीवरच्या काळ्या चुऱ्यावरून आणि वायूच्या घटकांवरून. कोळशाच्या वायूत बहुधा मिथेनच प्रबळ असतो, तर तेलाजवळ इथेन, प्रोपेन, ब्युटेन यांचा वाटा वाढतो. पिक्सलर यांनी १९६९ मध्ये मिथेन-इथेन गुणोत्तर २ ते १५ असल्यास तेल, १५ ते ६५ असल्यास वायू, असे ठोकताळे मांडले. ते सर्वत्र लागू पडत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच शेजारच्या विहिरींशी पडताळून, सुट्या आकड्यापेक्षा खोलीगणिक होणारा बदल पाहावा.

विहिरीत उपकरणे उतरवून घेतलेल्या विद्युत् व इतर नोंदी अधिक अचूक असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. सच्छिद्रता मोजण्यात त्या निःसंशय सरस आहेत. पण गोड्या पाण्याचा वालुकाश्मही तेलासारखाच उच्च विद्युत्-रोध दाखवतो. तिथे खडकातून सुटलेला वायूच स्वतंत्र साक्ष देतो. उलट जड चिखल पार्य (द्रव-वायू आरपार जाऊ देणाऱ्या) खडकातला वायू बिटाच्या पुढे आत रेटतो, त्यामुळे चांगल्या स्तराचेही शिखर बुटके राहते. म्हणून शिखराच्या उंचीपेक्षा वेग, चुरा आणि गुणोत्तर यांच्या एकवाक्यतेला महत्त्व द्यावे. ती असेल तिथे स्तर उत्पादन-चाचणीसाठी निवडावा.