पानशेतची ती रात्र

पुण्यात ‘पुराआधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी कालगणना करणारी पिढी आता विरळ होत चालली आहे. तो पूर १२ जुलै १९६१ चा. त्याला आम्ही नैसर्गिक आपत्ती म्हणू शकत नाही. पाऊस मोठा होता हे खरे, पण शहर बुडाले ते धरण फुटल्यामुळे.

आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण पुरते व्हावयाचे होते १९६२ साली. ते १९६१ च्या पावसाळ्यातच भरण्याची घाई झाली. पाणी सोडण्याच्या मोरीचे व दरवाजांचे काम अपुरे होते. वाहत्या पाण्याच्या हादऱ्यांनी मोरी खचू लागली आणि तिच्यावरील भराव बसू लागला. आदल्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात त्या भरावावर वाळूची पोती रचीत होते. धरण त्यांना वाचविता आले नाही, परंतु ते फुटले ते सकाळी, उजेडात. हेच पाणी मध्यरात्री झोपलेल्या पेठांत शिरले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

पानशेतचे पाणी खडकवासल्यावर आदळले आणि इंग्रजी अमदानीतले ते दगडी धरणही तग धरू शकले नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार पेठा आणि डेक्कन जिमखान्याचा नदीकाठ बुडाला. मृतांची संख्या हजाराच्या घरात सांगितली जाते. पूर ओसरला आणि दुसरेच संकट उभे राहिले. शहराला पाणी पाजणारे खडकवासलाच राहिले नव्हते! चोहीकडे चिखल, आणि प्यावयास थेंब नाही. तेव्हा बुजत चाललेल्या विहिरी आणि पेशव्यांनी कात्रजहून आणलेले हौदांचे पाणी लोकांच्या कामी आले. नळ आला म्हणून विहीर बुजविणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे असे आम्हांस वाटते.

पुनर्वसनाची जबाबदारी शासनाने स. गो. बर्वे यांच्यावर सोपविली. पूर्वी पालिकेचे आयुक्त राहिलेल्या या गृहस्थांना शहराची गल्ली न् गल्ली ठाऊक होती. पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था निघाल्या. गोखलेनगर, सहकारनगर वसले. चौकशी आयोगाची कहाणी मात्र दुःखद आहे. पहिले अध्यक्ष न्या. बावडेकर यांचे काम अर्धवट असतानाच निधन झाले आणि न्या. नाईक यांना चौकशी पुन्हा चालवावी लागली.

पुढे नदीकाठी निळी व लाल रेषा आल्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदाही झाला. रेषा कागदावर असतात. ओढा त्या वाचीत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुगला. टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत पाणी घुसले आणि माणसे दगावली. पूरग्रस्तांना जेथे आसरा दिला होता, त्याच परिसरात पूर आला. इतिहास अशी थट्टा करतो.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या घरात विसर्ग झाला. सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत तळमजले बुडाले. लष्कराला पुन्हा बोलवावे लागले. रहिवाशांची तक्रार होती ती एवढीच, की धरणातून पाणी सुटल्याची वर्दी त्यांना वेळेवर मिळाली नाही.