आघात आणि दाब

डग्ग्यावर थाप पडली म्हणजे वादकाच्या हाताचें काम संपलें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः थापेनंतर मनगटाचा जो दाब पुडीवर फिरतो, त्यानेंच नादाला वळण मिळतें. तो कोठें फुगावा व कोठें आवरावा, हें आघातानंतरच्या क्षणांत ठरतें. पाश्चात्य ध्वनिमुद्रणांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हेंच काम एका यंत्राकडे आलें. तिकडे त्यास 'कॉम्प्रेसर' म्हणतात. आम्ही येथें त्यास दाबयंत्र म्हणूं. पहाऱ्यावर नेमलेलें हें यंत्र वादकांच्या पंक्तीस कसें बसलें, आणि पुढें त्याचा अतिरेक कसा झाला, हा इतिहास संगीताच्या रसिकांनीं जाणून घेण्यासारखा आहे.

दाबयंत्राचा जन्म रसिकतेंतून नव्हे, धास्तींतून झाला. नभोवाणीच्या प्रक्षेपकास ठराविक मर्यादेपलीकडचा आवाज सोसत नसे. तबकडीवर फार मोठा आघात कोरला गेला, तर श्रोत्याच्या घरीं सुई खोबणींतून उडण्याचें भय असे. यासाठीं कळ फिरवून आवाज कमीजास्त करणारा माणूस बसवीत. पण कानानें ऐकून हात हलेपर्यंत आघात होऊन गेलेला असे. म्हणून १९३७ सालीं अमेरिकेंतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनें नभोवाणीसाठीं '११०-ए' हें आपोआप आवाज आवरणारें यंत्र काढलें. पुढें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, एस्टोनियांत जन्मलेले अभियंते राइन नार्मा यांनीं अमेरिकेंत 'फेअरचाइल्ड ६६०' रचलें. निर्वात नळ्यांवर चालणारें हें यंत्र सेकंदाच्या पांच हजाराव्या भागांत कामास लागूं शके.

त्याची रीत समजण्यास कठीण नाहीं. आवाजाची एक पातळी ठरवावयाची. तिला उंबरठा म्हणूं. उंबरठ्याखालील आवाज जसाच्या तसा जातो. वरचा मात्र ठराविक प्रमाणांत दाबला जातो. प्रमाण चारास एक असेल, तर उंबरठ्यावर ८ डेसिबल चढलेला आवाज दोनच डेसिबल चढून बाहेर पडतो. खरी खुबी यापुढें आहे. दाब किती लवकर बसावा आणि किती लवकर सुटावा, हेंही यंत्र चालविणाराच्या हातीं असतें. दाब २०-३० मिलिसेकंद उशिरां बसला, तर काडीचा पहिला टणत्कार निसटून जातो व मागचा नाद दबतो; ढोल ताठ आणि टोकदार वाटतो. दाब तत्क्षणीं बसला, तर टणत्कार बोथट होतो, आणि एकंदर आवाज मागाहून वाढविला म्हणजे खोलीचा घुमारा पुढें येतो. दाब चटकन सुटला, तर दोन आघातांमधील झांजांचा नाद उसळतो, जणूं सारा संच श्वासोच्छ्वास करीत आहे. एकाच ठेक्याचीं अशीं अनेक रूपें होतात.

याचा धीट उपयोग १९६६ च्या एप्रिलमध्यें लंडनच्या ॲबी रोडवरील ई. एम. आय. च्या ध्वनिमुद्रणगृहांत झाला. 'बीटल्स' संचाचें 'टुमॉरो नेव्हर नोज' हें गीत मुद्रित व्हावयाचें होतें, आणि यंत्रांपाशीं जेफ एमरिक हा अवघ्या वीस वर्षांचा तरुण होता. त्यानें रिंगो स्टार यांच्या मोठ्या ढोलांत लोंकरी स्वेटर कोंबून त्याचा घुमारा आवरला. ध्वनिग्राहक संस्थेच्या नियमाहून पुष्कळ जवळ नेला. आणि ढोलांचा आवाज फेअरचाइल्डमधून काढून त्यावर सढळ दाब दिला. पहारेकऱ्यानें चोराला धरावें, तसें यंत्रानें आघाताला धरलें खरें. पण त्या धरण्यांतूनच एक नवा, अंगावर येणारा नाद निघाला.

बेस गिटारचें दुखणें निराळें असतें. तिचे सर्व सूर सारख्या बळानें उमटत नाहींत. एखादा गुरगुरतो, तर दुसरा पुटपुटतो. दाबानें त्यांचें बळ सारखें केलें, म्हणजे गीताला मंद्राचा सलग पाया मिळतो. ॲबी रोडवर या कामीं अमेरिकन आल्टेक यंत्रांत फेरफार करून केलेलें 'आर. एस. १२४' वापरीत. त्याच महिन्यांत 'पेपरबॅक रायटर' या गीताच्या वेळीं पॉल मॅकार्टनी यांची बेस गिटार ठळक करण्यासाठीं ध्वनिक्षेपकच उलटा जोडून ध्वनिग्राहक म्हणून वापरला गेला.

१९८० सालीं पीटर गेब्रिएल यांच्या तिसऱ्या संग्रहांत याहून नवल घडलें. लंडनच्या टाउनहाउस मुद्रणगृहांत वादकांचें हळू बोलणें ऐकूं यावें म्हणून एक ध्वनिग्राहक टांगलेला होता, आणि त्यावर जबर दाब देणारें यंत्र होतें. फिल कॉलिन्स यांचा ठेका त्यांतून ऐकूं येतांच अभियंते ह्यू पॅजम यांनीं तो नाद मुद्रणांत घेण्याची सोय करविली, आणि त्याचा घुमारा मध्येंच तोडला. तोच नाद १९८१ च्या 'इन द एअर टुनाइट' गीतांतून जगभर गेला.

परंतु १९९० नंतर अंकीय मुद्रणाच्या काळांत, आपलें गाणें शेजारच्याहून मोठें वाजावें या चढाओढींत दाब साऱ्या गीतावर पडूं लागला. मेटॅलिका संचाच्या २००८ सालच्या 'डेथ मॅग्नेटिक' संग्रहाविषयीं श्रोत्यांनींच तक्रार केली. एका व्हिडिओ खेळांत तींच गीतें कमी दाबलेलीं होतीं, आणि तीं पुष्कळांस अधिक सरस वाटलीं. २०१० सालीं युरोपीय प्रक्षेपण संघानें आवाजाच्या सर्वोच्च टोकाऐवजीं कानास सरासरीनें भासणारी पातळी मोजण्याची शिफारस केली, तेव्हां या चढाओढीचा पाया खचूं लागला.

आमच्या मतें या इतिहासाचें सार ढोलाच्या स्वभावांतच आहे. आघात हा आजूबाजूच्या शांततेमुळें आघात होतो. एमरिकनें ढोल दाबला, पण त्यास लागणारा अवकाश राखला. पुढील मंडळींनीं अवकाशच भरून टाकला, तेव्हां सर्व कांहीं मोठें झालें आणि ढोल मात्र लहान झाला. डग्गा वाजविणारास हात केव्हां दाबावा हें जसें शिकावें लागतें, तसेंच तो केव्हां उचलावा हेंही शिकावें लागतें. यंत्राला तें शिकवितां येत नाहीं; तें यंत्र चालविणारानें शिकावयाचें असतें.