चोडणचे कांदळवन आणि बांधाचा इतिहास

अभयारण्य हा शब्द कानी पडताच सह्याद्रीच्या कुशीतील दाट रान, त्यातील पायवाटा आणि पाणवठ्यावर येणारी जनावरे यांचे चित्र आपल्या मनापुढे उभे राहते. गोमंतकात अशी राने आहेत. मोले, खोतीगाव, बोंडला ही नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु गोव्यातील सर्वांत लहान अभयारण्य डोंगरात नाही. ते खाऱ्या पाण्यात उभे आहे. तिसवाडीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकास, मांडवी आणि म्हापशाची नदी जेथे एकमेकींजवळ येतात तेथे, अवघ्या १.७८ चौरस किलोमीटरांचे हे कांदळवन पसरले आहे. १९८८ साली त्यास पक्षी-अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि आदल्याच वर्षी निवर्तलेल्या सलीम अली (१८९६-१९८७) या थोर पक्षिशास्त्रज्ञाचे नाव त्यास देण्यात आले. हे वन पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा पक्षी पाहून परततो. पण त्याबरोबर त्याने बेटाचा इतिहासही पाहावा, कारण त्यावाचून या वनाचा अर्थच नीट लागत नाही, असे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पणजीहून रायबंदरकडे जाताना आपण ज्या रस्त्यावरून जातो तोच मुळी इतिहासाचा पहिला पाठ आहे. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा दगडी सेतुमार्ग १६२९ ते १६३५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लिन्यारिशच्या कौंटने दलदलीतून बांधवून घेतला. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत बसावे, मांडवी ओलांडावी, की थोड्याच वेळात चोडणचा किनारा लागतो आणि धक्क्यापासून अभयारण्य हाकेच्या अंतरावर आहे. आत शिरताच प्रथम नवल वाटते ते जमिनीचे. चिखलातून बोटा-दोन बोटांच्या जाडीची हजारो मुळे सरळ वर आलेली दिसतात. ही तिवराची श्वसनमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून झाडाने श्वासासाठी मुळेच वर पाठविली आहेत. कांदळाची रीत निराळी. त्याच्या खोडापासून कमानीसारख्या आधारमुळ्या निघून चिखलात रुततात आणि भरती-ओहोटीच्या ओढीतही झाडास उभे धरतात. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांबट रोप होऊन खाली पडते. पाण्याने वाहून नेले तरी जेथे टेकेल तेथे ते मूळ धरू शकते.

ओहोटीच्या वेळी या चिखलावर निवट्या सरपटतात, रंगीत नांगीचे खेकडे बिळांतून डोकावतात. फांद्यांवर खंड्या, बगळे, ढोकऱ्या, पाणकावळे. आकाशात ब्राह्मणी घार. नशीब बलवत्तर असेल तर पाणमांजरांचे कुटुंब किंवा चिखलावर ऊन खात पडलेली मगरही दिसते. माश्यांची व कोळंबीची पिल्ले याच मुळांच्या आडोशाने वाढतात, म्हणून नदीतील मासेमारीची मुळेही एका अर्थी येथेच आहेत.

आता या पक्ष्यांकडे जरा लक्षपूर्वक पाहू. सायंकाळी बगळ्यांचे थवे कांदळांवर उतरतात, पण दिवसभर ते असतात कोठे? बेटाच्या आतल्या भागात, भाताच्या शेतांत आणि शेतांतील उथळ पाण्यात. म्हणजे रात्रीचा निवारा वनात आणि दिवसाचे अन्न शेतात. अभयारण्याची सीमारेषा आपण नकाशावर आखली आहे. बगळ्याच्या लेखी ती नाही. आणि नेमकी हीच गोष्ट इतिहासही सांगतो.

गोव्याच्या नद्यांकाठची ही सखल शेते म्हणजे खाजणे. गोव्यात त्यांचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर सांगितले जाते. यांतील बरीचशी जमीन भरतीच्या पाणपातळीहून खाली आहे. ती नदीने दिलेली नाही. माणसाने नदीकडून मिळविली आहे. चिखल, गवत आणि जांभा दगड यांचा बांध घालून भरतीचे पाणी बाहेर अडविले आणि बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ बसविली. मानस म्हणजे लाकडी दारांचा जलद्वार. भरती आली की नदीच्या दाबाने दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि शेतातील जादा पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात जमिनीचे मीठ धुऊन जाते आणि कोरगूट यासारखे खारे सोसणारे भात पिकते. कापणीनंतर त्याच मानशीतून खारे पाणी आत घेऊन मासळी धरता येते. या साऱ्या योजनेत बांधाच्या बाहेरील कांदळांस मानाचे स्थान होते. लाटेचा पहिला तडाखा ते सोशीत. त्यांच्या मुळ्या गाळ धरून ठेवीत आणि बांधाचा पाया खचू देत नसत. सारांश, शेत, बांध आणि वन ही तीन निरनिराळी प्रकरणे नव्हती. एकाच व्यवस्थेचे ते तीन पदर होते.

ही व्यवस्था चालविणारी संस्था म्हणजे गावकरी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली, आणि १६ सप्टेंबर १५२६ रोजी वसुली खात्याचा प्रमुख अफोन्सु मेशिया याने गावकारांच्या चालीरीतींची सनद तयार केली. ओसाड पडलेली बेटे पूर्वी काही माणसांनी येऊन लागवडीस आणली आणि त्यांच्याच वंशाकडे गावाचा कारभार राहिला, अशी परंपरा तीत नमूद आहे. नव्या सत्तेने जुन्या रीती लिहून घेतल्या त्या प्रेमापोटी नव्हेत. बांध टिकला तरच भात पिकणार आणि भात पिकले तरच सारा मिळणार, हे तिला कळत होते. गावची जमीन सामाईक, तिच्या उत्पन्नातून प्रथम गावचा खर्च आणि उरलेल्यातून गावकारांस ‘जोण’, अशी ती पद्धत होती. या व्यवस्थेत सर्वांना सारखा वाटा होता असे मात्र कोणी समजू नये. चिखलात उतरून बांध घालणाऱ्या कष्टकऱ्यास गावकाराचा मान नव्हता, ही बाजूही इतिहासाने लपविता कामा नये.

याच सोळाव्या शतकात चोडणवर धर्मांतराची लाट आली. चूडामणी हे या बेटाचे जुने नाव. येथील देवकीकृष्णाची मूर्ती भक्तांनी नदीपार प्रथम मये येथे आणि पुढे माशेल येथे नेली. कडेवर बालकृष्ण घेतलेली ती देवकी आज माशेलच्या देवळात आहे. देव स्थलांतरित झाला, लोकांची नावे बदलली, प्रार्थनेची भाषा बदलली. पण बांध राहिला, कारण भरतीला धर्म नसतो. फोंडे तालुक्यात दुर्भाट परिसरात पौष अमावास्येस खाजणाकाठी चिखलाची मगर घडवून तिची पूजा करण्याची चाल आहे. तिला माणगेथापणी म्हणतात. खाजणाच्या पाण्यात वावरणाऱ्या हिंस्र जिवाला वैरी न मानता राखणदार मानणारी ही दृष्टी, आजच्या संरक्षणाच्या कायद्यांहून कितीतरी जुनी आहे.

गेल्या शतकात मात्र ही व्यवस्था खिळखिळी झाली. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळास जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. कसणाऱ्यास न्याय मिळाला, ही गोष्ट निःसंशय इष्ट झाली. परंतु जमिनीचे तुकडे मालकांत वाटता येतात. बांध वाटता येत नाही. त्याची काळजी कुळांच्या संघटनांकडे आली आणि जेथे त्या निष्क्रिय राहिल्या तेथे बांधास वाली उरला नाही. भातापेक्षा मानशीवरील मासळीचे उत्पन्न अधिक ठरू लागताच खारे पाणी अवेळी आत घेण्याचा मोह वाढला. नदीतून लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांध पोखरले. तरुण नोकरीसाठी बाहेर पडले. बांधास भगदाड पडले आणि ते वेळीच बुजविले नाही, की पहिल्या भरतीबरोबर खारे पाणी शिरते, मागोमाग कांदळाचे रोप येते आणि काही वर्षांत भातशेतीच्या जागी वन उभे राहते.

खरा पेच येथे आहे. १९९१ च्या किनारा-नियमन अधिसूचनेने खारफुटीस कडक संरक्षण दिले. ते आवश्यकच होते. परंतु फुटलेल्या खाजणात उगवलेल्या झाडासही तेच संरक्षण लागू होते. शेतकऱ्याने बांध पुन्हा घालून शेत सावरावयाचे म्हटले, तर आत वाढलेली झाडे आडवी येतात. ज्या झाडाने शेकडो वर्षे बांधाचे रक्षण केले, तेच आता शेतात शिरलेले परके ठरते; आणि ज्या शेतकऱ्याच्या पूर्वजांनी ते झाड बांधाबाहेर राखले, तो वनाचा शत्रू ठरतो. दोघांवरही हा अन्यायच आहे. २०११ च्या अधिसूचनेने गोव्यासाठी निराळी तरतूद करून खाजणांचे नकाशे व व्यवस्थापन-योजना करावी आणि त्यांच्या लगतची खारफुटी राखावी, असे सांगितले. शेत आणि वन यांचा विचार एकाच तरतुदीत झाला, हे तिचे महत्त्व. पण नकाशा बांध दुरुस्त करीत नाही. त्यास हात लागतात, आणि त्या हातांना एकत्र आणणारी जुनी संस्था आता दुबळी झाली आहे.

म्हणून चोडणच्या अभयारण्याकडे मनुष्याचा हात न लागलेले रान म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. बांध शाबूत असेल तर कांदळ आपल्या जागी आणि भात आपल्या जागी राहते, बगळ्यास दोन्ही लाभतात. बांध खचला तर प्रथम भात जाते. वन काही काळ वाढलेले दिसते, पण पक्ष्याचा चारा देणारे शेत आणि नदीचे मन जाणणारा शेतकरी असे दोघेही हरपतात. केवळ झाडांची गणती करणारा या वाढीस यश म्हणेल. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र विचारले पाहिजे, की हे झाड बांधाच्या कोणत्या बाजूस उगवले आहे?

शाळांच्या सहली चोडणला येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. शिक्षकबंधूंनी एवढेच करावे, की मुलांना ओहोटीच्या वेळी वन दाखविल्यावर तेथूनच परत न फिरता बेटाच्या आतील एखाद्या खाजणाच्या बांधावर न्यावे. मानशीची दारे भरतीने कशी मिटतात ते त्यांना डोळ्यांनी पाहू द्यावे आणि बांध दुरुस्त करणाऱ्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याशी बोलू द्यावे. गोमंतकाचा इतिहास आपण बहुधा किल्ले, देवळे आणि चर्च यांतून शिकवितो. या साऱ्यांना अन्न पुरविणारा चिखलाचा बांध आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतो. तो मुलांच्या मनात शिरला, तर पुढील पिढीत त्याचे भगदाड बुजवावयास चार हात अधिक मिळतील.