क्रुसेड आणि साष्टीचा किनारा

क्रुसेड म्हणजे मध्ययुगात ख्रिस्ती व मुस्लिम सत्तांमध्ये झालेली धर्मयुद्धे. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधील क्लेर्मों येथे पोप दुसरा अर्बन याने जेरुसलेमच्या मुक्तीसाठी आवाहन केले, तेथून त्यांचा आरंभ मानला जातो. १५ जुलै १०९९ रोजी क्रुसेडवीरांनी जेरुसलेम घेतले. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने ते परत जिंकले. चौथ्या मोहिमेतील सैन्याने १२०४ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल हे ख्रिस्ती नगरच लुटले. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील आक्रे हे प्रमुख ठाणे १२९१ मध्ये पडले आणि पूर्वेकडील क्रुसेड राज्ये संपली.

या युद्धांचा एक धागा कोकणापर्यंत येतो, तो पोर्तुगालमार्गे. दुसऱ्या क्रुसेडसाठी निघालेल्या योद्ध्यांच्या मदतीने पोर्तुगालच्या राजाने ११४७ मध्ये लिस्बन मुसलमानांकडून घेतले. क्रुसेडकाळात उदयास आलेला टेंपलर योद्ध्यांचा संघ १३१२ मध्ये बरखास्त झाल्यावर त्याची पोर्तुगालमधील मालमत्ता १३१९ मध्ये स्थापन झालेल्या 'ख्रिस्त संघा'कडे आली. आफ्रिकेच्या किनाऱ्याचा शोध घेविणारा राजपुत्र हेन्री पुढे याच संघाचा प्रमुख होता. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, तेव्हा मिऱ्यांच्या व्यापाराबरोबरच इस्लामी सत्तांशी असलेले हे जुने वैरही हिंदी महासागरात उतरले.

१५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्तच्या ममलुक सुलतानाचे आरमार व गुजरातची गलबते यांनी पोर्तुगीजांचा पराभव केला. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा पुत्र लोरेन्सो तेथे मारला गेला. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या लढाईत पित्याने त्याचा सूड घेतला. मात्र दीवला ममलुकांच्या बाजूने कालिकतचा हिंदू सामुरीही होता, आणि मसाल्याच्या व्यापारापायी ख्रिस्ती व्हेनिसचे हितसंबंध इजिप्तशी जुळलेले होते. युद्धाची भाषा धर्माची असली, तरी बाजू ठरत होत्या त्या सागरी मार्गांवरून.

गोडदेवच्या परिसराशी संबंध येतो तो येथे. भाईंदर पूर्वेतील हे गाव साष्टी बेटाच्या उत्तर टोकाशी आहे, खाडीपलीकडे वसई. हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशाहने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील साष्टी, मुंबई ही बेटे पोर्तुगीजांना दिली. एका मुस्लिम राजाने दुसऱ्याच्या भयाने ख्रिस्ती सत्तेशी केलेला हा करार होता. ही मैत्री टिकली नाही. १५३७ मध्ये दीवजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या चकमकीत बहादूरशाह मरण पावला. साष्टीवरील पोर्तुगीज अंमल मात्र दोनशे वर्षे टिकला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली.

उत्तर कोकणातील जुनी चर्चे आणि वसईच्या किल्ल्याचे अवशेष या कालखंडाची साक्ष देतात. ते पाहताना एवढे ध्यानी घ्यावे, की धर्माच्या नावाने लढलेल्या युद्धांतही मित्र आणि शत्रू केवळ धर्मावरून ठरले नाहीत.