शरदांतील वादळें आणि वेळेवरची हांक

शरद ऋतु म्हटला कीं निरभ्र आकाश आणि निवळलेलें पाणी डोळ्यांपुढें उभें राहतें. बंगालच्या उपसागराच्या कांठीं मात्र याच ऋतूनें अनेकदां आकांत मांडला आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे माघार घेऊं लागले, तरी उपसागराचें पाणी ऊबदारच असतें. त्यावर एखाद्या ठिकाणीं हवेचा दाब उतरला म्हणजे सभोंवतालचे वारे त्या केंद्राकडे चक्राकार धांव घेतात. उपसागराचें उत्तरेकडील टोंक निमुळतें व उथळ. त्यामुळें वाऱ्यानें लोटलेलें पाणी तेथें भिंतीसारखें चढतें. वरून मुसळधार पाऊस, समोरून समुद्राची लाट आणि मध्यें तुंबलेल्या नद्या, असा हा तिहेरी घाला असतो.

या वादळांना ‘सायक्लोन’ हें नांव कलकत्त्यांतच मिळालें. तेथील सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन यांनीं सर्पाच्या वेटोळ्यावरून तें योजलें आणि १८४८ मध्यें खलाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकानें रूढ केलें. पुढें मातला नदीवर नवें बंदर वसविण्याचा घाट घातला गेला. तेव्हां, १८५३ मध्यें, त्यांनीं गव्हर्नर-जनरल डलहौसी यांना पत्र लिहून बजावलें कीं, वादळाची लाट आज ना उद्यां हें स्थळ बुडवील. तरीही कॅनिंग बंदर उभें राहिलें. पिडिंग्टन १८५८ मध्यें वारले. १८६७ च्या नोव्हेंबरांत वादळानें त्या बंदराची वाताहत करून त्यांचे शब्द खरे केले.

त्यापूर्वींच, ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं, कलकत्त्यावर भयंकर वादळ आदळलें होतें. हुगळींतून चढलेल्या लाटेनें सुमारें ६०,००० माणसांचा बळी घेतला. या प्रलयानें सरकारचे डोळे उघडले. कलकत्ता बंदराला धोक्याची सूचना देण्याची व्यवस्था झाली, आणि १८७५ मध्यें भारताचें हवामानखातें स्थापन होऊन एच. एफ. ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले.

परंतु दुसऱ्याच वर्षीं, ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं, मेघनेच्या मुखाशीं बाकरगंज प्रांतांत समुद्र चढला. सुमारें लाखभर माणसें बुडालीं. मागाहून आलेल्या पटकी व उपासमारीनें जवळजवळ तितकींच नेलीं. खातें होतें, तारायंत्र होतें. पण धोक्याची सूचना जहाजांसाठीं होती. बेटावर निजलेल्या शेतकऱ्याच्या झोपडीपर्यंत तिची वाट पोंचत नव्हती.

ही वाट बांधावयास फार काळ लागला. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं ओडिशावर महावादळ आलें. तें येणार हें उपग्रहांनीं आधींच दाखविलें होतें. तरी सुमारें १०,००० माणसें दगावलीं, कारण किनाऱ्यावर आसऱ्याच्या पक्क्या इमारती फार थोड्या होत्या. त्या दुःखांतून राज्य शहाणें झालें. आसरागृहें बांधलीं गेलीं, गांवोगांवचे स्वयंसेवक तयार झाले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं ‘फायलिन’ वादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आलें, तेव्हां सुमारें १० लाख लोक आधींच हलविलेले होते. घरें पडलीं, पिकें गेलीं, पाठोपाठ बालासोरकडे नद्यांना पूर आले. पण मृतांचा आंकडा पन्नासाच्या आंत राहिला.

अंदाज वर्तविणें हें शास्त्राचें काम. तो झोपडीच्या दारापर्यंत नेणें आणि तेथल्या म्हातारीला हात धरून उंचावर बसविणें हें राज्याचें व समाजाचें. पिडिंग्टन यांच्या पत्राची जी दखल १८५३ मध्यें घ्यावयास हवी होती, ती एकशें साठ वर्षांनीं ओडिशाच्या किनाऱ्यावर घेतली गेली.